सिनेमा आणि लँडस्केप यांवरून सांस्कृतिक केंद्र: रिळाचा आकार न देता डिझाइन कसं करायचं?

उतारावरची

नमस्कार मंडळी, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि थीसिसला सांस्कृतिक केंद्र घेतलंय. प्रोग्राम असा आहे: ३०० सीटचं एक थिएटर, ८० सीटचं एक छोटं, प्रदर्शनाची गॅलरी, लायब्ररी, जुन्या फिल्मचं छोटंसं अर्काइव्ह आणि एक उघड्यावरचं प्रेक्षागृह. साइट उतारावर आहे, वरच्या बाजूला रस्ता, खाली तलाव. रस्त्यापासून पाण्यापर्यंत साधारण ९० मीटर अंतर आणि तेवढ्यात १८ मीटरचा उतार. मधे जुनी मोठी झाडं आहेत, ती तोडायची नाहीत हे माझं पक्कं आहे.

कन्सेप्ट म्हणून "सिनेमा आणि लँडस्केप" लिहिलंय. गाइडना विषय आवडला पण त्यांचं म्हणणं, हे दोन शब्द शीटवर कोणीही लिहील, बिल्डिंगमधे चालताना ते कुठे कळणार ते दाखव. वर्गातल्या मित्रांनी सुचवलं की प्लॅन रिळासारखा गोल कर, नाहीतर फसाडला (दर्शनी भिंतीला) फिल्मच्या पट्टीसारखी चौकोनी भोकं दे. मला ते मनापासून नकोय, कारण ते फक्त ड्रोनमधून किंवा रस्त्यावरून दिसतं आणि आत शिरलं की संपतं.

दुसरी अडचण त्याहून मोठी वाटते. थिएटरला काळोख हवा, एकही खिडकी नको. लँडस्केप म्हणजे सगळं उघडं. मग एकाच बिल्डिंगमधे या दोन्हींना बसवायचं म्हणजे एकतर काळे डबे आणि त्यांच्या बाजूला काचेचं फॉयर (थिएटरबाहेर थांबायचं दालन), एवढंच सुचतंय. यातून पुढे कसं जायचं? कोणी असं काही केलं असेल, पाहिलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

सेक्शनवाला

चांगला विषय घेतलायस आणि रिळाचा आकार नाकारलास हे उत्तमच. सिनेमाकडून आकार घ्यायचा नसतो, क्रम घ्यायचा असतो. काय आधी दिसतं, काय लपवलं जातं, किती वेळ थांबवलं जातं आणि मग काय समोर येतं. बिल्डिंगमधे माणूस चालतो, म्हणजे तिथे वेळ आपोआप आहेच, तो वेळ तू डिझाइन करतेस की नाही एवढाच प्रश्न.

सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनचा "मोंटाज आणि आर्किटेक्चर" (मोंटाज म्हणजे शॉट एकापुढे एक जोडणं) हा निबंध मिळाला तर नक्की वाच, १९३०च्या दशकाच्या शेवटी शेवटी लिहिलेला आहे. हा माणूस सिनेमात यायच्या आधी सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत होता आणि वडील रिगा शहरात आर्किटेक्ट होते, त्यामुळे तो उगाच वरवरची तुलना करत नाही. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर, म्हणजे देवळांच्या टेकडीवर, चढणाऱ्या माणसाला एकामागून एक काय दिसतं ते तो शॉटसारखं मांडतो. त्यासाठी त्याने फ्रेंच वास्तुइतिहासकार ऑगस्त श्वाझीच्या १८९९च्या पुस्तकातली रेखाचित्रं घेतली आहेत. दारातून आत आलं की समोर अथेनाचा प्रचंड पुतळा, उजवीकडे पार्थेनॉनचं देऊळ पण सरळ समोरून नाही तर कोपऱ्यातून तिरका, आणि डावीकडचं एरेक्थिऑन हे दुसरं देऊळ पुतळ्याच्या चौथऱ्यामागे झाकलेलं, ते दोनचार पावलं पुढे गेल्यावरच उलगडतं. म्हणजे तिन्ही गोष्टी एकदम अंगावर येत नाहीत. कोणीतरी ते ठरवलंय, आणि तेही डोंगराच्या चढावर, तुझ्यासारख्याच उताराच्या साइटवर.

आधुनिक काळात आर्किटेक्ट बर्नार्ड तशुमीने पॅरिसच्या ला व्हिलेत पार्कमधे हे उघडपणे केलं, स्पर्धा १९८२ची. लोक त्यातल्या १२० मीटरच्या ग्रिडवरच्या लाल फॉलीज (बागेतल्या छोट्या वास्तू) लक्षात ठेवतात, पण तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे तिथली वळणावळणाची वाट, तिला तो सिनेमॅटिक प्रोमेनाड (सिनेमासारखी फिरायची वाट) म्हणतो. बागा म्हणजे चित्राच्या फ्रेम आणि वाट म्हणजे शेजारून सलग जाणारी ध्वनीपट्टी, असं ते धरलेलं आहे. वरून पाहिलं तर फिल्मची पट्टी कुठेही "दिसत" नाही हे लक्षात घे.

आता तुझ्या साइटवर. रस्ता वर, तलाव खाली, म्हणजे पहिल्याच मिनिटाला तलाव दिसून जाणार आणि मग पुढच्या ९० मीटरमधे दाखवायला काही उरणार नाही. म्हणून मी तरी तलाव आधी नजरेतून काढून घेईन. रस्त्याकडून एक भिंत, डोळ्याच्या उंचीच्या वर जाणारी, उभ्या माणसाचा डोळा साधारण दीड मीटरवर असतो म्हणून भिंत १.८ मीटर तरी हवी, आणि तिला धरून वाट थोडी तिरकी खाली. भिंतीवरून झाडांचे शेंडे आणि आकाश दिसेल, पाणी नाही. मग एका ठिकाणी बसायचा कट्टा आणि त्या उंचीला एक आडवी फट, बसलं तरच पाणी दिसेल. मग परत बंद. मग थिएटर. आणि सिनेमा संपल्यावर बाहेर पडताना तलाव पूर्ण. एकदा काढून घेतलेली गोष्ट काळोखानंतर परत मिळते तेव्हा ती वेगळी दिसते, हा खरा कट (एका दृश्यावरून थेट दुसऱ्यावर जाणं) आहे आणि तो भिंत, दार आणि उतार यांनीच होतो.

प्लॅन बाजूला ठेव काही दिवस. डोळ्याच्या उंचीवरून दहाबारा स्केच काढ, गॉर्डन कलनने १९६१च्या "टाउनस्केप"मधे काढली तशी, प्रत्येक स्केचखाली लिही की इथे किती पावलं, किती उजेड, पायाखाली काय. मग त्या क्रमातून सेक्शन (बिल्डिंगचा उभा छेद) काढ आणि सेक्शनमधून प्लॅन येऊ दे.

मिट्टकाळोख

वरचा प्रतिसाद आवडला, फक्त त्यातलं "मग थिएटर" हे दोन शब्दांत उरकलंय आणि सगळी गंमत तिथेच आहे म्हणून लिहितोय. प्रेक्षागृहांच्या ध्वनी आणि प्रकाशाचं काम करतो.

पडद्यावरच्या पांढऱ्या भागाची ठरलेली प्रखरता ४८ कॅन्डेला (प्रकाशाचं एकक) प्रति चौरस मीटर असते. भर उन्हातली फिकट जमीन किंवा भिंत याच मापात हजारोंमधे जाते. म्हणजे उन्हातून थेट आत आलेल्या माणसाला पडदा मळका वाटतो आणि आतून थेट बाहेर पडलेल्याला डोळे उघडता येत नाहीत, त्याला तुमचा तलाव दिसतच नाही, तो डोळ्यावर हात धरून उभा राहतो. डोळ्याला काळोखाची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, उजेडाची सवय बरीच लवकर होते पण तीही क्षणात नाही. त्यामुळे बहुतेक ठिकाणी जो दोन दारांमधला तीन मीटरचा काळा बोळ असतो (लाइट लॉक) तो फक्त उजेड आत येऊ नये एवढ्यापुरता असतो, माणसाच्या डोळ्यासाठी नसतो.

तुम्ही लिहिलंय की काळे डबे आणि काचेचं फॉयर एवढंच सुचतंय. माझ्या मते तुमची बिल्डिंग या दोघांच्या मधल्या जागेत आहे. आत जायचा रस्ता लांब करा आणि त्यात उजेड पायरीपायरीने कमी करा: आधी झाडाखालची सावली, मग छप्पर असलेली पण बाजूने उघडी जागा, मग वरून एकाच फटीतून उजेड येणारी, मग काळोख. भिंतीचा रंग आणि पोतही त्याबरोबर बदलू द्या, शेवटच्या टप्प्यात गडद आणि आवाज शोषणारं काहीतरी, म्हणजे पावलांचा आवाजही विरत जाईल. लोक आपोआप हळू बोलायला लागतात, पाटी लावावी लागत नाही.

बाहेर यायचा रस्ता मात्र वेगळा ठेवा. सिनेमा संपल्यावर माणसाला दोनचार मिनिटं कोणाशी बोलायचं नसतं, आणि आपण त्याला थेट तिकीट खिडकी, पार्किंग, मोबाइल उघडलेली गर्दी यात ढकलतो. मला हे फार खटकतं. एक उताराची गॅलरी द्या जिथे आधी फक्त पाण्यावरून छतावर पडलेला हलता उजेड दिसेल, थेट पाणी नाही, आणि मग वळण घेऊन पाणी.

अॅमस्टरडॅमचं आय फिल्म म्युझियम पाहा, २०१२मधे उघडलं, डेलुगान माइस्ल या आर्किटेक्टांचं. चार थिएटरं आत मिटलेली आणि मधली पायऱ्यापायऱ्यांची मोठी जागा पाण्याकडे तोंड करून, लोक तिथे नुसते बसलेले असतात. तुमच्या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र आहेत. फक्त तिथली जमीन सपाट आहे, तुमच्याकडे उतार आहे म्हणजे तुम्हाला जास्त वाव आहे.

पाऊलवाट

मी थोडं वेगळं मत मांडते. लँडस्केप आर्किटेक्ट आहे.

सिनेमाची फ्रेम दिग्दर्शक ठरवतो आणि प्रेक्षक खुर्चीत बसून ती मान्य करतो. पण उतारावर चालणारा माणूस खुर्चीत बसलेला नाही. तो थांबेल, मागे वळेल, लहान मूल गवतात पळेल. सगळा रस्ता जर भिंती आणि फटींनी बांधून टाकला तर तलाव हा पोस्टकार्ड होतो, आणि मग लँडस्केप तुमच्या कन्सेप्टमधे बरोबरीचा राहत नाही, तो पडद्यामागचा देखावा होतो. जे रोज लायब्ररीत अभ्यासाला येणार आहेत त्यांच्यापासूनही पाणी लपवायचं का? त्यांच्यासाठी रस्त्यापासून तलावापर्यंत एक साधी, मोकळी, तिकीट न लागणारी पायवाट हवीच, थिएटर बंद असतानाही चालू राहणारी.

डेन्मार्कचं लुइझियाना म्युझियम १९५८चं आहे, बो आणि वोलर्ट या दोन आर्किटेक्टांचं. काचेच्या बोळातून माणूस एका दालनातून दुसऱ्याकडे जातो आणि मधे बाग, जुनी झाडं, तळं, समुद्र येत राहतात. बोळ झाडांना वळसा घालून जातो. तिथे कोणी तुम्हाला "आता पाहा" असं सांगत नाही. ओस्लोच्या ऑपेरा हाउसचं छप्पर (२००८) थेट पाण्यातून वर येतं आणि ऑपेराशी काही देणंघेणं नसलेली माणसंही त्यावर चढून बसतात. मला हे जास्त उदार वाटतं.

भोपाळचं भारत भवन तर तुझ्या साइटचं सख्खं भावंड आहे, आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया, १९८२. वरून रस्त्याने येता तेव्हा बिल्डिंग जवळजवळ नाहीच, गच्च्या आणि झाडं दिसतात. मग पायऱ्या उतरत एकेका चौकात पोचता, दालनं त्या चौकांभोवती जमिनीत शिरलेली, त्यांना उजेड चौकातून आणि वरून मिळतो, आणि गच्च्या तलावाकडे उतरत जातात. तिथे क्रम आहे, पण रस्ता एकच नाही. चौकात आल्यावर तीन दिशांना जाता येतं. कोरियांनी स्वतः मुंबईवर एक छोटी फिल्मही केली होती, १९७५मधे, तेव्हा सिनेमा त्यांना परका नव्हता, तरी त्यांनी माणसाला एका पट्टीवर चालवलं नाही.

आणि ऋतू विसरू नकोस. तुझी सगळी चित्रं एकाच वेळच्या उजेडातली असतील तर ज्युरीला (परीक्षकांना) फसवल्यासारखं होईल. तलावाचं पाणी पावसानंतर कुठे असतं आणि उन्हाळ्यात कुठे, ती रेघ सेक्शनवर काढ.

सेक्शनवाला

@पाऊलवाट, मोकळ्या पायवाटेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. दोन वाटा असू देत, एक मोकळी आणि एक थिएटरकडे जाणारी, आणि त्या एकदोन ठिकाणी एकमेकींना छेदू देत. पण थिएटरच्या वाटेवरची भिंत मी सोडणार नाही. सगळं सगळीकडून दिसत राहिलं तर काहीच दिसत नाही. आर्किटेक्ट आंदो यांचं जपानमधल्या नाओशिमा बेटावरचं चिचू म्युझियम (२००४) जवळजवळ पूर्ण जमिनीखाली आहे, बाहेर समुद्र आहे हे माहीत असतं तरी बराच वेळ फक्त काँक्रीट आणि आकाशाचा तुकडा, आणि म्हणून तिथला उजेड लक्षात राहतो.

मुरूम_माती

कन्सेप्टवर बोलणारे बरेच आहेत, मी जमिनीचं बोलतो.

९० मीटरला १८ म्हणजे ५ला १ उतार. ३०० सीटचं थिएटर साधारण १६ रांगा धरा, दोन रांगांत ११० सेंमी, म्हणजे १७-१८ मीटर लांबी. समोरच्याच्या डोक्यावरून पडदा दिसायला प्रत्येक रांग सरासरी ३५ सेंमी वर, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या रांगेत सव्वापाच मीटरचा फरक. तेवढ्याच लांबीत तुमची जमीन साडेतीन मीटर उतरते. म्हणजे बैठक उतारावर जवळजवळ तशीच बसते, खालच्या टोकाला दीडदोन मीटर जास्त खोदावं लागेल एवढंच. प्रवेश वरून शेवटच्या रांगेच्या मागून, बाहेर पडायची दारं खाली पडद्याच्या दोन्ही बाजूंना. याचा अर्थ प्रेक्षक तलावाकडे तोंड करून बसलेत आणि मधे पडदा आहे! सेक्शनवाल्यांना हवा तो कट तुमच्या जमिनीने फुकट दिलाय.

आता अडचणी. पडद्याच्या टोकाला आठनऊ मीटर उंची लागणार, तिथे बिल्डिंग जमिनीतून बाहेर येणारच आणि तलावाकडून एक मोठी कोरी भिंत दिसणार. तिच्यावर बाहेरून सिनेमा दाखवू असं डोक्यात आलं असेल तर सोडून द्या, कारण तिथे उतार उलटा पडतो, मागचा माणूस पुढच्यापेक्षा खाली बसेल. उघड्यावरचं प्रेक्षागृह त्यापेक्षा थिएटरच्या छतावर घ्या, छतही पायऱ्यापायऱ्यांनी उतरतं, तोंड पाण्याकडे, पडदा फक्त रात्री उभा करायचा.

वरच्या बाजूने डोंगराचं सगळं पाणी थिएटरच्या मागच्या, म्हणजे वरच्या बाजूच्या, भिंतीवर येणार. भिंतीच्या मागे खडीचा थर, तळाला भोकं असलेला पाइप, आणि भिंतीच्याही वर उतारावर एक वेगळा चर, जो पाणी बिल्डिंगपर्यंत येऊच देणार नाही. वॉटरप्रूफिंग बाहेरच्या बाजूने. हे सेक्शनमधे काढलंत तर ज्युरीतला निम्मा प्रश्न तिथेच संपेल. छतावर ३० सेंमी माती भिजली की चौरस मीटरला साधारण सहाशे किलो होते, वर माणसं वेगळी, तेव्हा स्लॅब आणि बीमची जाडी खरी दाखवा.

अजून एक, सर्वात महत्त्वाचं. व्हीलचेअर. १८ मीटर उतरायला १:१२च्या (१२ मीटरला १ मीटर उतरणाऱ्या) रॅम्पने २१६ मीटर लागतात, मधले सपाट थांबे धरून आणखी लांब. ती वाट कोणी हाताने चाक ढकलत परत वर चढणार नाही. लिफ्ट लागणार. मग तुमचा जो काय क्रम आहे, भिंत, फट, काळोख, पाणी, तो लिफ्टने उतरणाऱ्या माणसालाही मिळाला पाहिजे. मागच्या दाराने, कपडे बदलायच्या खोल्यांशेजारून त्याला आत नेऊ नका.

मिट्टकाळोख

छतावर प्रेक्षागृह ही कल्पना चांगली आहे पण खाली थिएटर आहे हे विसरू नका. वर कोणी खुर्ची सरकवली तरी खाली शांत प्रसंगात ऐकू येईल. हवेतून येणारा आवाज माती अडवते, पायाचा धक्का स्लॅबमधून सरळ उतरतो. थिएटरचं आतलं छत आणि भिंती बाहेरच्या सांगाड्यापासून सुट्या, रबर किंवा स्प्रिंगवर, डब्यात डबा. त्यासाठी वर आणि बाजूला निदान अर्धा मीटर जागा आत्ताच सोडा, नंतर मिळत नाही.

जुनीरिळं

अर्काइव्हबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. अॅसिटेट फिल्मला (जुन्या फिल्मचा एक प्लास्टिकसारखा प्रकार) गरम दमट हवेत व्हिनेगरसारखा वास यायला लागतो, फिल्म आकसते, वाकडी होते, आणि एका डब्यातलं अॅसिड शेजारच्या डब्यांनाही खराब करतं. थंड आणि कोरडी जागा हवी, आणि ती बारा महिने सारखीच. त्यामुळे "जमिनीखाली आपोआप थंड असतं" म्हणून अर्काइव्ह तलावाशेजारी सर्वात खालच्या मजल्यावर टाकू नकोस, पाणी चढलं तर सगळं गेलं. उताराच्या वरच्या भागात, जमिनीत अर्धवट शिरलेलं, पाण्याच्या पाइपांपासून लांब. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नायट्रेट फिल्म वापरात होती, ती भयानक पेट घेते, तशी रिळं येणार असतील तर ती या बिल्डिंगमधे ठेवायचीच नाहीत.

आणि एक विनंती. अर्काइव्हला एक काचेची छोटी खिडकी दे, जिथून येणाऱ्याला रीळ तपासणारं टेबल दिसेल. पांढरे हातमोजे घातलेला माणूस उजेडाच्या टेबलावर फूटफूट पट्टी सरकवत फाटलेली जागा शोधतोय हे पाहायला लोक खूप वेळ उभे राहतात. तुझ्या क्रमात तो एक थांबा असू दे.

उतारावरची

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

दोन दिवस सेक्शनवरच बसले. थिएटर उतारावर, पडदा तलावाच्या बाजूला, छतावर उघडी बैठक, हे घेतेय. पाऊलवाट, तुमची मोकळी वाट थिएटरच्या उत्तरेने पाण्यापर्यंत जाते आणि लायब्ररी त्या वाटेवर उघडते. लिफ्ट मी भिंतीच्या शेवटी आणली, ती खाली त्याच कमी होत जाणाऱ्या उजेडाच्या जागेत उघडते, म्हणजे चालत आलेले आणि लिफ्टने आलेले तिथे एकत्र होतात.

अडलंय ते झाडांवर. एक मोठं झाड थिएटरच्या वरच्या कोपऱ्याच्या अगदी जवळ येतंय, खोडाचा व्यास ६० सेंमी. भिंत खोडापासून तीन मीटरवर आहे, चालेल ना?

पाऊलवाट

नाही चालणार. खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ मुळांसाठी राखीव धरतात, म्हणजे तुझ्याकडे ७.२ मीटर. त्या वर्तुळात खोदायचं नाही आणि भरही टाकायची नाही, मुळांवर अर्धा मीटर माती चढवली तरी मोठं झाड दोनतीन वर्षांत हळूहळू वाळतं. आणि तुझी मागची भिंत नुसती तीन मीटरवर नाहीये, ती बांधायला अजून मीटरभर मागे खोदावं लागेल. सगळ्या मोठ्या झाडांच्या बुंध्याची लेव्हल आणि व्यास मोजून ही वर्तुळं आधी प्लॅनवर काढ, मग थिएटर सरकव. साडेपाच मीटर खाली नेलंस तर बसेल असं वाटतंय. तेवढं सरकलं की वरची वाट झाडाला वळसा घालून जाईल, आणि सेक्शनवाल्यांच्या भिंतीतली ती बसायची फट तिथेच, त्या सावलीत येऊ शकते.

मुरूम_माती

साडेपाच मीटर खाली म्हणजे पडद्याची भिंतही तेवढी तलावाकडे जाणार. पावसानंतरच्या पाण्याची रेघ काढलीत का? ती काढून मग सरकवा, आणि पायथ्याची लेव्हल त्या रेघेच्या निदान दीड मीटर वर राहते का ते बघून इथे सेक्शन टाका, पाहून सांगतो.